म्यानाची शिवण आणि कट्यारीचे गाव

खंडेनवमीच्या दिवशी कोल्हापुरात आणि भोवतालच्या खेड्यांत पुष्कळ घरांतून जुनी हत्यारे बाहेर निघतात. पेटीच्या तळाशी किंवा माळ्यावर ठेवलेली कट्यार, एखादा खंजीर, एखादा बिचवा पुसून पाटावर मांडला जातो. त्याला गंधफूल वाहतात आणि दसऱ्याचे सोने लुटून झाले की तो पुन्हा वर्षभरासाठी फडक्यात बांधून ठेवतात. या पूजेत पात्याला मान असतो, मुठीलाही असतो. म्यानाला मात्र कोणी विचारीत नाही. ते उसवलेले असते, कसरीने खाल्लेले असते. मग घरातील एखादा हौशी माणूस ते टाकून देतो आणि तांबड्या मखमलीचे नवे म्यान शिवून आणतो. हत्यार देखणे दिसू लागते खरे. पण ते कोठून आले हे सांगू शकणारा एक साक्षीदार त्या दिवशी उकिरड्यावर जातो.

हा साक्षीदार काय सांगू शकतो आणि काय सांगू शकत नाही, हे आम्हांस येथे मांडावयाचे आहे.

जुन्या हत्याराचे मूळ शोधताना आपली नजर सहजच पात्याकडे जाते. परंतु हत्याराच्या साऱ्या अवयवांत सर्वांत मोठा प्रवासी कोण, तर ते पातेच होय. सोळाव्या-सतराव्या शतकांत युरोपातील पाती गलबतांतून गोव्यास आणि पश्चिम किनाऱ्यावरील इतर बंदरांत उतरत, घाट चढून देशावर येत आणि येथे त्यांना इकडच्या धाटणीची मूठ बसवली जाई. अशा तलवारीलाच आपण फिरंग म्हणतो. लांब पाते मोडले तरी तुकडा वाया जात नसे; त्याची कट्यार होई. म्हणून कट्यारीच्या पात्यावर परदेशी छाप दिसला तर त्यावरून लोखंड कोठले एवढेच कळते, कट्यार कोठली हे कळत नाही.

याचे कोल्हापूरकरांच्या जिव्हाळ्याचे उदाहरण सर्वांना ठाऊक आहे. १८७५-७६ साली इंग्लंडचा युवराज, पुढे सातवा एडवर्ड झालेला, हिंदुस्थानच्या दौऱ्यावर आला असता कोल्हापूरचे अल्पवयीन छत्रपती चौथे शिवाजी महाराज यांच्याकडून त्याला एक तलवार नजर करण्यात आली. ती आज ब्रिटिश राजसंग्रहात आहे. शिवछत्रपतींची जगदंबा तलवार ती हीच, असे कित्येक अभ्यासकांचे मत आहे. तिचे पाते युरोपीय आहे आणि त्यावर आय, एच, एस ही ख्रिस्ती धर्मचिन्हाची रोमन अक्षरे उठवलेली आहेत. केवळ पाते पाहून निवाडा करणारा ही तलवार फिरंग्यांची म्हणून बाजूला ठेवील. तिचे नाते ठरते ते मूठ, जडाव आणि ती कोणाच्या घरातून निघाली याची नोंद, या तिहींवरून.

मुठीची गोष्ट थोडी वेगळी. आपल्याकडील तलवारींच्या मुठी बहुधा राळ-लाखेच्या मसाल्याने पात्यावर घट्ट बसवलेल्या असतात. ऊब दिली की मसाला सुटतो आणि मूठ बदलता येते. म्यान तर याहूनही सहज बदलते. ते घामाने, पावसाने, वाळवीने खराब होते. एका पात्याच्या आयुष्यात म्याने अनेक होतात. आणि म्यान करून घ्यावयास कोणी दूरदेशी जात नसे. जेथे हत्यार वापरात असेल तेथलाच कारागीर ते शिवी, तेथल्या कातड्याने, तेथल्या दोऱ्याने, आपल्या हातच्या सवयीने. म्हणून आमचे सांगणे एका वाक्यात असे: म्यानाची शिवण पात्याचे जन्मगाव सांगत नाही, ते हत्यार कोणाच्या कमरेला, कोणत्या मुलखात आणि साधारण कोणत्या काळी होते, हे सांगते. हत्याराचे माहेर आणि सासर ह्या दोन निराळ्या गोष्टी आहेत. त्यांची गल्लत झाली की चुकीच्या कथा जन्माला येतात.

आता म्यानाची रचना पाहू. कट्यारीचे, खंजिराचे किंवा पेशकबजाचे साधे म्यान म्हणजे लाकडाच्या दोन पातळ फळ्या, आतून पात्याच्या आकाराने कोरलेल्या आणि एकमेकींना चिकटवलेल्या. त्यावर कधी कापडाची पट्टी गुंडाळतात आणि वरून कातडे किंवा मखमल चढवतात. तोंडाशी मोहनाळ आणि टोकाशी तहनाळ अशी धातूची दोन टोपणे असतात. कातडे चढवावयाचे ते ओले असताना ताणून चढवतात; सुकताना ते आवळते आणि लाकडावर बसते. कातड्याच्या दोन कडा जेथे भेटतात तेथे शिवण येते. ही शिवण बहुधा अंगाकडच्या बाजूला, लोकांच्या नजरेआड असते. कारागिराने दर्शनी बाजू दुसऱ्याला दाखवण्यासाठी सजवलेली असते. पाठीमागची शिवण मात्र त्याने कोणाला दाखवण्यासाठी घातलेली नसते. तेथे तो आपल्या नेहमीच्या हाताने काम करतो. म्हणूनच ती अधिक विश्वासाची.

शिवण वाचताना प्रथम भोक पाहावे, मग दोरा, मग टाका. चांभाराच्या किंवा जीनगराच्या आरीने पाडलेले भोक चिरेसारखे किंवा शंकरपाळ्यासारखे दिसते. साध्या सुईचे गोल असते. हाताने दोन सुयांनी शिवलेल्या शिवणीत प्रत्येक भोकातून दोन्ही दोरे आरपार गेलेले असतात; एक दोरा तुटला तरी दुसरा शिवण धरून ठेवतो. घोड्याचे जीन असेच शिवतात, कारण तेथे शिवण सुटली तर स्वाराचा जीव जातो. शिलाईयंत्राच्या टिपेत वरचा दोरा वरच राहतो, खालचा खालीच, आणि दोघांची गाठ कातड्याच्या जाडीत पडते. एक दोरा तुटला की टीप ओळीने उसवत जाते. टाक्यांचे अंतर हाताच्या शिवणीत केसभर मागेपुढे होते. यंत्राचे अंतर मोजून घेतल्यासारखे सारखे असते. साध्या भिंगाने हे सारे दिसते. त्याला प्रयोगशाळा लागत नाही.

हत्यारांच्या या सर्व खुणा एकत्र पाहिल्या म्हणजे मुलूख कसे ओळखू येतात, याची काही खात्रीची उदाहरणे देतो. कच्छमधील मोच्यांची आकड्याच्या आरीने घातलेली रेशमी साखळी प्रसिद्ध आहे. ज्या आरीने जोडे शिवावयाचे, तिलाच बारीक करून त्यांनी भरतकाम केले. साखळीटाक्याची बारीक वेलबुट्टी कातड्याच्या पट्ट्यावर किंवा म्यानावर आढळली तर कच्छ-सौराष्ट्र आणि शेजारच्या सिंधकडे बोट जाते. येमेनी जंबियाचे म्यान टोकाशी वर वळते आणि रुंद भरजरी पट्ट्याच्या मधोमध, पोटासमोर उभे बसवलेले असते. ओमानी खंजिराचे म्यान जवळजवळ काटकोनात वळते आणि त्यावर चांदीच्या तारेचे काम असते. अफगाण सरहद्दीवरील लांब छुऱ्याचे म्यान मुठीचा बराचसा भाग गिळून टाकते. इराणी कार्दही असाच खोल बसतो. नेपाळी खुकरीचे म्यान, ज्याला तिकडे दाप म्हणतात, लाकडावर म्हशीचे कातडे चढवून पाठीमागे शिवलेले असते आणि त्यालाच दोन लहान हत्यारांची जागा असते: एक छोटी सुरी आणि एक बोथट चकमक. याउलट कोडगूतील पिचंगत्तीचे म्यान लाकडाचे आणि धातूने मढवलेले. तेथे शिवणच नाही. शिवण नसणे हीसुद्धा एक खूणच होय.

मग कोल्हापूरची खूण कोणती, असा प्रश्न वाचकांच्या मनात आला असेल. येथे फार सावधगिरी हवी. कोल्हापुरी चपलेमुळे आपल्याकडील कातडीकामाची एक ओळख जगभर झाली आहे: बाभळीची साल आणि हिरडा यांनी कमावलेले कातडे, खिळा न मारता कातड्याच्याच वादीने घातलेली शिवण, आणि शेळीच्या कातड्याची वेणी. परंतु जाड तळव्याची शिवण वेगळी आणि म्यानाच्या पातळ कातड्याची वेगळी. म्यानाला सुती किंवा रेशमी दोराच लागतो. म्हणून वादीची शिवण म्यानावर दिसली तर बहुधा ती मूळ शिवण नसून, तुटलेला बंद किंवा उसवलेले तोंड गावच्या चांभाराकडून सांधून घेतल्याची ती खूण असते. अशी डागडुजी कुरूप दिसते म्हणून ती काढून टाकू नये. हत्यार या मुलखात राहिले, वापरले गेले आणि कोणाला ते टाकवले नाही, याचा तो पुरावा असतो.

शिवाय कारागिरीची सीमा राज्याच्या सीमेशी जुळत नाही. २०१९ साली कोल्हापुरी चपलेला भौगोलिक निर्देशांक मिळाला तो एकट्या कोल्हापूर जिल्ह्याला मिळाला नाही. महाराष्ट्रातील कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातील बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर अशा आठ जिल्ह्यांना तो मिळून मिळाला. कापशीची चप्पल आणि अथणीची चप्पल यांत जाणकाराला फरक कळतो. पण हिरडा तोच, वादी तीच. पायातल्या चपलेच्या बाबतीत, जेथे कारागीर हयात आहेत, तेथेही आपल्याला आठ जिल्ह्यांची झोळी करावी लागते. मग दीडशे वर्षांपूर्वीच्या, नाव नसलेल्या म्यानाच्या बाबतीत एकाच पेठेचे नाव छातीठोकपणे सांगणे कितपत योग्य? शिवण टापू सांगते, घर सांगत नाही. जो विक्रेता एका टाक्यावरून सरदाराचे नाव सांगतो, त्याच्यापासून दूर राहावे.

काळाच्या बाबतीत मात्र शिवण बरीच ठाम साक्ष देते. इलियास हाव याने शिलाईयंत्राचा हक्क १८४६ साली घेतला आणि आयझॅक सिंगरने १८५१ साली. तेव्हा यंत्राची टीप असलेले म्यान त्यापूर्वीचे असूच शकत नाही. पर्किनने पहिला कृत्रिम रंग १८५६ साली शोधला. मखमलीचा जांभळा रंग तपासणीत कृत्रिम ठरला तर तीही मखमल त्यानंतरचीच. क्रोमने कातडे कमावण्याची रीत १८८४ साली अमेरिकेत शुल्ट्झ याने सिद्ध केली. सालीने कमावलेल्या कातड्याची कापलेली कड आतपर्यंत तपकिरी दिसते; क्रोमच्या कातड्याची कड रंगाच्या थराखाली करडी-निळसर दिसते. आपोआप सुटून पडलेल्या दोऱ्याचा तुकडा जाळून पाहिला तर खऱ्या रेशमाला जळक्या केसांचा वास येतो; सुताला आणि कृत्रिम रेशमाला जळक्या कागदाचा. म्यानाला लागलेला दोरा मात्र या परीक्षेसाठी कधीही ओढू नये.

ह्या तारखा शिवणीच्या आहेत, पात्याच्या नव्हेत, हे पुन्हा सांगितले पाहिजे. यंत्राची टीप दिसली म्हणजे हत्यार खोटे, असे मुळीच नाही. जुन्या पात्याला नवे म्यान करणे हा आपल्याकडचा नेहमीचा रिवाज होता. त्यासाठी आणखी दोन गोष्टी पाहाव्यात. पहिली, पाते म्यानात कसे बसते. मूळचे पाते असेल तर ते सहज जाते आणि शेवटच्या बोटभर अंतरात घट्ट होते. तोंडाशी आतल्या लाकडावर वर्षानुवर्षांच्या घासणीच्या रेघा पात्याच्या रुंदीशी जुळतात. पाते खुळखुळत असेल किंवा अर्ध्यावर अडत असेल तर जोडी मागाहून जमवलेली समजावी. दुसरी, जुनी भोके. वरची मखमल जेथे फाटली असेल तेथून खालच्या कातड्यात रिकाम्या भोकांची ओळ दिसली, तर म्यान एकदा आधी शिवले गेले होते आणि मग त्यावर नवे आवरण चढले. अशा वेळी खालची ओळच अधिक बोलकी. थरांमध्ये मोडी अक्षरांच्या कागदाचा एखादा कपटा सापडला तर तो लाख मोलाचा. तो ओढून काढण्याच्या भानगडीत न पडता जाणकारास दाखवावा.

हे सारे एका उदाहरणात बसवून पाहू. समजा, कोल्हापुरातील एका घरात कट्यार आहे. तिचे पाते लांब तलवारीचे कापून घेतलेले, युरोपीय दिसणारे. मुठीवर हाताचा पंजा झाकणारे शिडासारखे कवच आहे. म्यान जांभळ्या मखमलीचे, काठाने यंत्राची टीप. घरची आख्यायिका अशी की ही तंजावरच्या भोसल्यांकडून कोल्हापूरच्या भोसल्यांकडे नात्याने आली. आता निवाडा कसा करावा? पाते युरोपचे. पंजा झाकणाऱ्या कवचाची कट्यार दक्षिणेत विजयनगर आणि नायकांच्या काळात होत असे आणि तंजावरच्या शस्त्रागारात अशा कट्यारी पुष्कळ होत्या. म्हणून मूठ दक्षिणेची म्हणावयास आधार आहे. म्यान मात्र एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील किंवा त्यानंतरचे. तंजावर संस्थान १८५५ साली खालसा झाले आणि तेथील हत्यारे पांगली. कित्येक मद्रासच्या सरकारी संग्रहालयात गेली, कित्येक बाजारात आली. तेव्हा ही कट्यार नात्याने आली असेल किंवा कोणी विकतही घेतली असेल. शिवण दोन्ही शक्यतांना वाव देते. आख्यायिका खोटी ठरली नाही, सिद्धही झाली नाही. निर्णय द्यावयाचा तो एवढाच, आणि एवढा दिला तरी पुष्कळ आहे.

दुसरा एक प्रकार आपल्याकडे वारंवार आढळण्याजोगा आहे. घरात जंबिया निघाला की तो पेशवाईतील अरब शिबंदीचा, असे पटकन म्हटले जाते. अठराव्या-एकोणिसाव्या शतकांत हद्रमौतचे अरब शिपाई मराठ्यांच्या आणि निजामाच्या चाकरीत होते, यात शंका नाही. पण पहिल्या महायुद्धात सहाव्या पुणे डिव्हिजनबरोबर १०३, ११० आणि ११७ क्रमांकांच्या मराठा पलटणी मेसोपोटेमियात गेल्या होत्या, हेही विसरता येत नाही. या मुलखातील खेड्यापाड्यांतून फौजेत गेलेल्या माणसाने परतताना एखादे हत्यार आणले असेल. म्यान येमेनी वळणाचे आणि कोरे, डागडुजीविना असेल तर ते अलीकडे आले असण्याचा संभव अधिक. त्याच्यावर इकडच्या कातड्याचा बंद आणि वादीची शिवण चढलेली असेल तर ते येथे बरेच दिवस कमरेला नांदले असावे. आणि आजोबांनी कुटच्या वेढ्यातून परतताना आणलेली वस्तू ही पेशवाईतल्या वस्तूपेक्षा कमी मोलाची आहे, असे आम्हांस तरी वाटत नाही.

आवरणावरील पुरावा किती ताणावा याचा धडा साताऱ्याच्या वाघनखांनी दिला आहे. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातील वाघनखे २०२४ साली साताऱ्याच्या संग्रहालयात प्रदर्शनासाठी आली. ती साताऱ्याचा रेसिडेंट जेम्स ग्रँट डफ याच्या घराण्यातून लंडनच्या संग्रहालयात गेलेली. अफझलखानाच्या प्रसंगाशी त्यांचा संबंध जोडणारा मजकूर आहे तो त्यांच्या पेटीवर. आणि १६५९ साली वापरली ती हीच, हे सिद्ध करता येत नाही, असे ते संग्रहालय स्वतःच सांगते. पेटी ज्याने करवली त्याची समजूत पेटी सांगते. म्यानाचेही तसेच आहे. ते खरे बोलते, पण आपल्या वेळेपुरते बोलते.

यात आणखी एक गोष्ट आमच्या मनाला लागते. तलवारीच्या पात्यावर कधी लोहाराचे नाव असते, कधी धन्याचे. मुठीवर सोनाराची नजाकत वाखाणली जाते. म्यान शिवणाऱ्या जीनगराचे, कातडे कमावणाऱ्या ढोराचे, वादी ओढणाऱ्या चांभाराचे नाव कोठेही नाही. त्यांच्या हातावाचून पाते कमरेला लागत नव्हते आणि घोड्यावर खोगीर चढत नव्हते. १९४९ च्या मार्चमध्ये कोल्हापूर संस्थान विलीन झाले आणि संस्थानी शिलेखान्याचा काळ संपला. त्या कारागिरांची सही आता उरली आहे ती टाक्यांत. जुने म्यान फेकून देणे म्हणजे ती सहीही पुसून टाकणे होय.

तेव्हा काय करावे? म्यान फाटले असले तरी टाकू नये. त्याला तेल लावू नये, पाण्याने धुऊ नये, डिंकाने चिकटवू नये. कमावलेल्या कातड्याच्या सहवासात लोखंड गंजते, म्हणून पाते आणि म्यान स्वच्छ सुती कापडात वेगवेगळे गुंडाळून, पण एकाच पेटीत ठेवावे आणि दोन्हींना एकच क्रमांकाची चिठ्ठी बांधावी. नवे म्यान हौसेने करावयाचे असेल तर जरूर करावे. जुने मात्र जवळच ठेवावे. पुढची, मागची आणि शिवणीची अशी तीन छायाचित्रे घ्यावीत. घरातील वडीलधाऱ्या माणसांना विचारून हत्यार कोणाकडून, कोणत्या गावाहून आले ते एका कागदावर लिहावे. ऐकीव असेल तर ऐकीव असेच लिहावे. शंभर वर्षांवरील अशी वस्तू १९७२ च्या कायद्याने पुरावस्तू ठरते आणि ती खाजगी रीतीने देशाबाहेर नेता येत नाही, हेही ध्यानात असावे. डोळा तयार करावयाचा असेल तर कोल्हापुरात दूर जावे लागत नाही. नव्या राजवाड्यातील शहाजी छत्रपती संग्रहालयात हत्यारे आहेत. तेथे पात्यांच्या चकाकीवरून नजर काढून म्यानांकडे न्यावी.

येत्या खंडेनवमीला पाटावर हत्यार मांडाल तेव्हा त्याचे जुने म्यानही शेजारी मांडावे, एवढीच विनंती. पूजेला ते चालते. ज्या हातांनी ते शिवले त्या हातांनाही मग दोन फुले मिळतील, आणि पुढे कोणी विचारील तेव्हा सांगावयास एक साक्षीदार घरातच शिल्लक राहील.